एका तासाच्या आतली माती

मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. त्यामुळे गावात कुणालाही कुठे जायचं असलं की आधी माझ्या पडवीत येऊन विचारतात. कुणकेश्वरला यात्रेची जादा गाडी कधी सुटते, वालावलला जाऊन संध्याकाळच्या आत परत येता येईल का, कसालला हायवेची गाडी मिळेल का. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी विचारतात, आणि मीही अजून मिनिटांत सांगतो. पण मेल्यावर किती लांब जाता येतं, हे मला एकाच माणसाने विचारलं. तो माझा भाडेकरू होता. त्याला मी एक शब्द दिला होता आणि तो पाळला नाही. गावात ही गोष्ट वेगळी सांगतात, सगळं देवावर ढकलतात, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. देवाचा ह्यात काही दोष नव्हता.

त्याला सगळे इराणीबाबा म्हणायचे. बाप इराणातून आला होता, तिथे धर्मापायी छळ झाला म्हणून. पुण्यात त्यांची बेकरी होती, ती पुढे बाबानेच चालवली. मूलबाळ नव्हतं. बायको गेल्यावर बेकरी भाच्याकडे देऊन हा समुद्र बघायला म्हणून मालवणकडे आला आणि माझ्या मागच्या दोन खोल्यांत राहिला. घारे डोळे, तांबूस गोरा, आणि बोलणं चोख पुणेरी. पहिल्याच आठवड्यात त्याने आमच्या चुलीवर पत्र्याच्या डब्यात नानकटाई भाजली. माझी बायको त्या दिवसापासून त्याच्या बाजूची झाली.

"बाबा, तुमी मुसलमान ना?" मी विचारलं.

"नाही. बहाई."

"म्हणजे मुसलमानांतलेच कायतरी."

"नाही हो कंडक्टर. वेगळा धर्म. वेगळा ग्रंथ. तुम्हाला कुणी शिवसेनेतलेच काहीतरी म्हटलं तर चालेल का?"

"माका काय्येक म्हटला तरी चालता," मी म्हटलं. तो हसला, पण मला वाटतं त्याला ते लागलं होतं. नंतर कधी विषय निघाला की तो तेवढं वाक्य न चुकता दुरुस्त करायचा.

माझ्या पडवीतला दुसरा माणूस म्हणजे फिटर. बेळगावकडचा, वीस वर्षांपूर्वी ट्रॉलरचं इंजिन बसवायला म्हणून आला आणि इथलाच झाला. आमच्यापेक्षा चांगली मालवणी बोलतो. हा अहमदी. तो स्वतः म्हणतो, अहमदी मुसलमान; बाकीचे मुसलमान त्यांना आपल्यात धरत नाहीत. सुरुवातीला मोहल्ल्यात त्याला खोली मिळाली होती. मग त्याच्या भिंतीवरचा एक फोटो कुणीतरी बघितला, हा कोण म्हणून विचारलं, आणि ह्याने सरळ सांगितलं की हे पंजाबातले, आमचे मसीहा. खोली गेली. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. नुसतं सलामाला उत्तर बंद झालं. तेव्हापासून तो जेटीजवळच्या वर्कशॉपच्या वर राहतो आणि एकटाच नमाज पढतो.

ह्या दोघांची गाठ माझ्या पडवीत पडली आणि माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. जेवण झालं की फिटर यायचा, बाबा खुर्ची ओढायचा, आणि सुरू. मी अर्धा डोळा मिटून ऐकायचो. तीन वर्षं ऐकलं. इतकं ऐकलं की ह्या दोन धर्मांची परीक्षा झाली असती तर मी पहिल्या वर्गात पास झालो असतो. म्हणूनच पुढे जे केलं ते न कळून केलं असं म्हणायला मला तोंड नाही.

दोघांचं मूळ तसं जवळपासचं. दोघंही म्हणायचे, जो येणार येणार म्हणून जग वाट बघतंय तो येऊन गेला. एकाच शतकात. बाबा म्हणायचा इराणात, फिटर म्हणायचा पंजाबात. दोघंही म्हणायचे तलवारीचा जिहाद आता नाही. दोघंही दारूला शिवत नव्हते, आणि मी रविवारी थोडी घेतली की दोघंही मिळून माझ्याकडे बघायचे. आणि आमचा कृष्ण दोघांनाही मान्य. बाबा म्हणायचा, तो देवाचाच अवतरलेला प्रकाश. फिटर म्हणायचा, तो हिंदुस्थानात आलेला पैगंबर. माझी बायको आतून ओरडायची, "मगे भांडतास कित्याक?"

भांडण ह्याचं, की पुढे काय. फिटरचं म्हणणं, कुराण शेवटचं, त्याच्यापुढे नवा कायदा नाही. आमचे मसीहा आले ते पैगंबरांच्या हाताखालचे म्हणून, त्यांचाच धर्म साफ करायला. बाबाचं म्हणणं, प्रत्येक युगाला नवा शिक्षक, नवा ग्रंथ, नवे नियम. आमचा आला, आणि हजार वर्षांनी अजून येईल. "म्हणजे तुमचो पण शेवटचो नाय?" फिटर विचारायचा. "नाही," बाबा शांतपणे सांगायचा. ते फिटरला पटायचंच नाही. ज्याच्या पुढे अजून कोण येणार, त्याच्यासाठी बापजाद्यांनी इराणात मार खाल्ला, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

येशूवरून तर एकदा चहा थंड झाला. फिटर म्हणे, त्याला क्रुसावरून जिवंत उतरवला, तो चालत काश्मीरला गेला, म्हातारा होऊन मेला, श्रीनगरात कबर आहे. बाबा म्हणे, क्रुसावरच गेला, उठला तो आत्म्याने, शरीराने नाही. नरकाचंही तसंच. फिटरच्या मते नरक म्हणजे हॉस्पिटल, बरा झालास की डिस्चार्ज. बाबाच्या मते नरक ही जागाच नाही, देवापासून लांब पडणं हाच नरक. फिटरचा खलिफा आहे, त्याचा शब्द अखेरचा. बाबाकडे भटजी नाही, मुल्ला नाही, नऊ जण मतदानाने निवडून देतात. "म्हणजे ग्रामपंचायत!" मी म्हटलं. "मेल्यांनो, मगे तुमचा काय खरा नाय." त्या दिवशी तिघंही पोट धरून हसलो.

प्रार्थनेला दोघं समुद्राकडेच तोंड करायचे. फिटर सरळ पश्चिमेकडे, किंचित उजवीकडे, मक्का. बाबा त्याहून बराच उजवीकडे, अक्का नावाचं गाव आहे तिकडे. एका वर्षी दोघांचे उपास मार्चात एकत्र आले. फिटरचा पहाटेपासून, महिनाभर. बाबाचा सूर्य उगवल्यापासून, एकोणीस दिवस. फिटर चिडवायचा, "तुजो उपास उशिरा उठता." सत्तरीनंतर बहाईंच्यात उपास माफ. त्याला सत्तरीला एक वर्ष कमी होतं आणि तो म्हणायचा, हा माझा शेवटचा, नीट करू दे. संध्याकाळी दोघं माझ्या पडवीत खजूर आणि सोलकढी घेऊन सूर्याकडे बघत बसायचे. मी भरल्या पोटाने मध्ये बसायचो.

त्याच उपासाच्या दिवसांत बाबाने मला ते विचारलं.

"कंडक्टर, इथून एका तासात कुठवर जाता येतं?"

"कसाल. साधी गाडी, मधे चार थांबे धरून. कशाक?"

तो म्हणाला, बहाई माणूस जिथे मरतो तिथून एका तासाच्या वाटेपेक्षा लांब त्याला न्यायचं नाही. जाळायचंही नाही. धुवायचं, पांढऱ्या कापडात गुंडाळायचं, बोटात अंगठी घालायची, आणि तिथलीच माती. मला आत नेऊन त्याने ट्रंक उघडून दाखवली. घडी केलेलं रेशमी कापड, आणि छोट्या डबीत अंगठी. देवाकडून आलो, देवाकडे चाललो, अशा अर्थाचं काहीतरी तिच्यावर कोरलेलं. "माझ्या बापाला त्याच्या गावाने माती दिली नाही," तो म्हणाला. "पुण्याची मला मिळाली असती, पण मी तर इथे आलो. आता तासाभरात जे गाव येईल तेच माझं. कुणी जागा देईल का हो?"

फिटर तिथेच होता. म्हणाला, "मी तुजी जनाज्याची नमाज पढूचंय नाय हां, आधीच सांगतंय. आमच्यात चलना नाय."

"मला ती नकोच आहे," बाबा म्हणाला. "तू नुसता खड्डा सरळ खण."

आणि मी, फुशारकी मारायची खोड असलेला माणूस, मांडीवर थाप मारून, गावामागच्या कातळमाळाकडे हात करून म्हणालो, "सड्यार माझी काजूची बाग आसा. सात हात जागा घे. मेल्या माणसाक किती लागता? शब्द दिलंय."

बाबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने माझे दोन्ही हात धरले. मला लाजच वाटली, कारण मी ते सहज बोललो होतो. हा माणूस काय लगेच मरतोय, असंच मनात होतं.

तो तेरा महिन्यांनी मेला. एप्रिलअखेर, काजूचा हंगाम संपत आलेला. सकाळी आठला बायको चहा घेऊन गेली तर हा खुर्चीत, मान कलती. डॉक्टर येऊन हृदयविकार म्हणून लिहून गेले. फिटर धावत आला. माझ्याशी एक शब्द न बोलता त्याने पुण्याच्या बहाई मंडळींना फोन लावला. त्यांचं उत्तर आलं, आम्ही निघतो, पण पोचायला संध्याकाळ होईल. तिथेच जवळ स्वच्छ जागा बघून ठेवा, त्यांची तीच इच्छा होती. उन्हाळा असा की नऊ वाजता पडवीची लादी तापलेली. आम्ही आइस फॅक्टरीतून माशांसाठीचा बर्फ आणला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रचला. फिटरने दार लावून घेतलं, त्याला स्वतः धुतलं, ट्रंकेतलं कापड काढलं, अंगठी घातली. ज्याची नमाज पढणार नाही म्हणाला होता, त्याच्या पायाची नखंसुद्धा त्याने साफ केली.

गाव जमलं. बायका रडल्या. ज्या पोरांना तो इंग्रजी शिकवायचा ती दारात उभी. रडायला सगळे होते. जागेचं विचारलं की माणूस चप्पल शोधायला लागायचा.

फिटर आधी कुठे गेला असेल तर कब्रस्तानाच्या कमिटीकडे. जिथे त्याच्या सलामाला उत्तर मिळत नाही तिथे. मी रस्त्यावर स्कूटर धरून उभा होतो. मौलाना बाहेर आले, वाईट माणूस नव्हेत. म्हणाले, "तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा मी मुसलमान नाही. मग त्याला मुसलमानांत पुरणं म्हणजे त्याचाच अपमान नाही का?" बरोबरच होतं ते. मग चर्चच्या फादरकडे गेलो. त्यांनी फिटरचा हात हातात घेतला, पण सिमेट्री त्यांच्या लोकांपुरतीच. स्मशानात जागा होती, पण ती जाळण्याची. तिथल्या कडेला लहान मुलं पुरतात, तिथे विचारलं तर जिची मुलगी तिथे पुरलेली ती एक बाई म्हणाली, "माज्या चेडवाच्या बाजूक नको." तिला तरी कसं बोलणार?

फिटर माझ्याकडे वळला. "चल. तुज्या सड्यार. पोलीस पाटील म्हणता, मालकांची सही असली तर कागदाचा तो बघता."

मालकांची. सातबारा माझ्या आणि भावाच्या नावावर आहे. भाऊ पडवीत बसूनच होता. मला आत बोलावून म्हणाला, "तुका अक्कल आसा? मयत पुरल्यार थंय काजू येचूक कोण येतला? बायो पाय घालूच्यो नाय. तू काय शब्द दिलंस तो तुजो. बाग दोघांची." बायको दाराआडून ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं, ती म्हणाली, "देऊया." एकच शब्द. मी तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मी भावाला सांगायला हवं होतं की माझ्या वाट्यात पुरतो, तुझ्याने होईल ते कर. एकतीस वर्षं मी भरल्या गाडीत दादा लोकांना उतरवलंय. पण घरातल्या माणसासमोर मला ते जमलं नाही. आणि खरं सांगतो, मलाही भीती वाटत होती. तिन्हीसांजेला त्या बागेतून मीच एकटा येतो.

"देवाक इचारूया," भाऊ म्हणाला.

आणि मला सुटल्यासारखं वाटलं! आमच्याकडे कुठलीही अडचण आली की ग्रामदेवतेला कौल लावतात. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग त्यापुढे कुणी बोलत नाही, भाऊ नाही, पोलीस पाटील नाही. मी फिटरला म्हटलं, तासाभरात सांगतो. तो म्हणाला, "शब्द देताना देवाक इचारलं होतंस?" मी स्कूटरला किक मारली.

देवळात आम्ही आठदहा जण. गुरवाने पाकळ्या लावल्या. गाऱ्हाण्यात सगळं नीट सांगावं लागतं: कोण, कुठला, कुठल्या जातीचा. देवाला अर्धवट विचारलं तर अर्धवटच उत्तर येतं, असं आमचे जुने लोक म्हणतात. गुरवाने मान वळवून मला विचारलं, "जात काय घालू?"

मी तोंड उघडलं. बहाई म्हणणार होतो. मग बहाई म्हणजे काय ते गुरवाला सांगा, भावाला सांगा, त्या आठदहा जणांना सांगा. ते वेगळे, त्यांचा ग्रंथ वेगळा, ते कृष्णाला मानतात, तो आपल्या देवाला हात जोडून जायचा, हे सगळं. मला ते पाठ होतं. तीन वर्षं दुसरं काय ऐकलं होतं? ते सांगितलं असतं तर कुणी सांगावं, एखादा म्हणाला असता, अरे मग काय हरकत आहे. आणि मग उजवी पडली असती तर मला ती जागा द्यावी लागली असती.

मी म्हटलं, "मुसलमान घाल."

"बा देवा म्हाराजा," गुरवाने सुरू केलं, "एक मुसलमान मनीस आज तुज्या गावात मयत झालो आसा..." आणि आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा." मीही. मोठ्याने.

डावी पडली.

सुटकेचा श्वास सोडला मी, देवासमोर. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

साडेपाचला पुण्याची माणसं आली. चौघं, त्यांत दोन बायका. मी त्यांना सांगितलं, देवाचा कौल आला नाही. त्यांनी रागावून बोलावं अशी माझी फार इच्छा होती. एकजण म्हणाला, "तुम्ही प्रयत्न केलात, आभारी आहोत." मग ते चौघं अंगणात बाजूला जाऊन हळू आवाजात एकमेकांचा सल्ला घेत बसले. कुडाळला फोन लावले, कणकवलीला लावले. कुणाची ओळख नाही, कुणाची जागा नाही. बर्फाचं पाणी पडवीतून पायऱ्यांवर आलं. शेवटी ठरलं, पुणे. नियम मोडून, पण मातीत तरी जाईल.

ॲम्ब्युलन्समध्ये फिटर न विचारता बसला. मी विचारलं, "तू खंय?"

"कसालपर्यंत," तो म्हणाला.

मला लगेच कळलं आणि मी मान खाली घातली. मला नंतर ड्रायव्हरने सांगितलं की रस्ताभर त्याने हातातल्या घड्याळावरची नजर काढली नाही, आणि सावकाश चाललेली गाडी कसालला हायवेवर यायला पाच मिनिटं राहिली असताना कडेला घ्यायला सांगितली. तास झाला होता. त्याने बाबाच्या कपाळावर हात ठेवला, उतरला, आणि मागे न बघता उलट्या दिशेने चालायला लागला. परतीची शेवटची गाडी मिळाली असेल किंवा नसेल. मला विचारायचं धाडस झालं नाही.

पंधरा दिवस तो पडवीत आला नाही. गावात सगळे म्हणायचे, देवानेच नको म्हटलं, आपण काय करणार. भाऊही म्हणायचा. बायको माझ्याशी जेवणापुरतं बोलायची. दुपारी झोप येत होती, झोपमोड करायला कुणी नव्हतं, आणि मला झोपवत नव्हतं. शेवटी मीच जेटीवर गेलो.

तो एका होडीचं इंजिन खोलून बसला होता. मला बघून त्याने हात थांबवले नाहीत.

"गुरवान माका सांगल्यान," तो म्हणाला. "पण माका तुज्या तोंडान आयकूचा आसा. गाऱ्हाण्यात काय घातलंस?"

"मुसलमान."

त्याने पाना खाली ठेवला. फडक्याला हात पुसले, एकेक बोट, सावकाश. मला वाटलं आता हा मला मारणार, आणि मला ते बरं वाटलं असतं.

"बाबाक तो शब्द नको होतो," तो म्हणाला. "जल्मभर नको म्हणत रवलो. तरी तो मेल्यार तू तोच त्येच्या अंगार टाकलंस, नि त्याच शब्दान त्येका गावाभायर घातलंस. माका तो शब्द होयो होतो. वीस वर्सां ह्या गावात मी तोच मागतंय. मोहल्ल्यात कोणी देना नाय, तुमी तर नायच. तू रोज माज्या बाजूक बसलंस. एकदा तरी म्हटलंस माका?"

मी म्हटलं, "म्हणतंय रे. आता म्हणतंय. सगळ्यांसमोर म्हणतंय."

"आता नको," तो म्हणाला. "तुज्या तोंडातसून तरी नको."

आणि पाना उचलून त्याने परत इंजिनात डोकं घातलं.